अकरा सेकंद

व्हिडिओ मीच काढला.
हे आधी सांगून टाकतो, कारण तो कुणी काढला
यावर गावात आता तीन मतं आहेत
आणि तिन्हींत मी नाही.

जिंतूरच्या पुढं, येलदरीच्या अलीकडं आत वळलं की
पाठीशी धरण आणि घसा कोरडा, असं आमचं गाव.
ग्रामपंचायतीत मी ऑपरेटर.
महिनाअखेरीला पोर्टल बंद होणार होतं.
साहेबांचा फोन आला, नळ चालू दिसला पाहिजे.
चालू पाहिजे, असं ते म्हणाले नाहीत.
माणूस शब्दाचा पक्का.

मग मुंजाजी आणि मोईन शाळेच्या गच्चीवर चढले,
टँकरच्या तळाला उरलेलं दोन घागरी पाणी
पाइपाच्या वरच्या तोंडात ओतलं.
खाली गंगासागरबाई कळशी घेऊन उभी.
नाव गंगासागर, आणि मी तिला सांगायलो,
मावशी, जरा हसा.
हसली. नळ खोकला, तांबडं थुंकला,
मग धार लागली.
अकरा सेकंद.

रेंजसाठी मी माळावर जाऊन परत येईपर्यंत
व्हिडिओ माझ्याआधी गावात पोचला होता.
मागं सनई,
वर एक मोठा चेहरा, खाली हात जोडलेले चार छोटे.

दुसऱ्या दिवशी तोच दुसऱ्या बाजूनं आला.
नळाभोवती लाल गोल, त्यावर तिरपा शिक्का: खोटं.
हा नळ हितला नाहीच, म्हणायलेत. परराज्यातला.
ही बाई पैसे देऊन आणलेली.
कळशीची सावली बघा, उलटी पडायली.

सावली बरोबर पडली होती. सकाळचे साडेनऊ.
नळ आमचा, कळशी आमची, बाईचं सासर-माहेर
दोन्ही याच शिवारात.
खोटं जे होतं ते वरून आलं होतं,
आणि वर कुणी झूम केलं नाही.

किशनराव आणि त्यांचे सख्खे साडू
सुपारीच्या पंगतीत भांडले, एक जण पुरी तशीच टाकून उठला.
एकोणीस वर्षांपूर्वी गाव सोडलेला एक जण
पुण्याहून रात्री दीडला
आमच्या जमिनीखाली पाणी किती, ते समजावत होता.
पुरावा दे. तू दे. तू आधी दे.
मुंजाजी इकडच्या बाजूनं, मोईन तिकडच्या,
दोघंही गच्चीवर होते हे दोघंही विसरलेले,
का विसरले नव्हते, मला विचारता आलं नाही.

मी लिहिलं, व्हिडिओ खरा आहे. पुसलं.
लिहिलं, खोटा आहे. तेही पुसलं.
मधलं वाक्य लांब होतं
आणि चार महिन्यांचं मानधन
त्याच साहेबांच्या सहीखाली दबलेलं.

सोमवारी गंगासागरबाई ऑफिसात आली,
निराधारच्या पगारासाठी हयातीचा दाखला काढायला.
पदर सावरत समोर बसली, म्हणाली,
मी हाय का नाही, ते ठरलं का रं त्यांचं?

मी मशीन पुढं सरकवलं.
तिनं अंगठा ठेवला. जुळत नाही.
पुसून ठेवला. जुळत नाही.
पोहऱ्याच्या दोरानं रेषा कधीच ओढून नेलेल्या.
डावा ठेवून बघू, मी म्हणालो. तोही नाही.

कोरडा हाय लेकरा, ती म्हणाली,
जरासं पाणी असंल तर दे, बोट भिजवते.

कोपऱ्यातला माठ मी उगीच वाकवून बघितला.
टेबलावर साहेबांसाठी आणलेली बाटली होती, सीलबंद.
झाकण पिरगाळताना
एवढासा आवाज झाला,
तरी मी दाराकडं बघितलं.